इंग्रजी विशेषणे आणि त्यांची शब्दयोगी अव्यये : यादी, वापर आणि मराठी कोश

१

इंग्रजीतील कोणत्या विशेषणापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, हा प्रश्न महाराष्ट्रात सामान्यतः शालेय व्याकरणाचा समजला जातो. परीक्षेतील रिकाम्या जागा भरण्यापुरतेच त्याचे महत्त्व मानले जाते. 'फॉन्ड'पुढे 'ऑफ', 'गुड'पुढे 'अ‍ॅट', 'इंटरेस्टेड'पुढे 'इन' अशा जोड्या पाठ करून विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो आणि तो विषय तेथेच संपतो. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या व्याकरणावर भारतातील अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यातही विशिष्ट शब्दयोगी अव्यये घेणाऱ्या शब्दांच्या याद्याच दिलेल्या आहेत.

या यादीपद्धतीच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. प्रत्येक विशेषणाचे एक ठरलेले शब्दयोगी अव्यय असते, हे पहिले. आणि त्या निवडीमागे काही संगती नसल्याने ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, हे दुसरे. इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास गेल्या काही दशकांत ज्या पद्धतीने झाला आहे, तो पाहता ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. शब्दयोगी अव्यय विशेषणाच्या शब्दरूपाशी नव्हे, तर त्याच्या एकेका अर्थाशी बांधलेले असते. आणि जवळच्या अर्थांची विशेषणे बहुधा एकाच अव्ययाभोवती गोळा होतात. हे निरीक्षण इंग्रजीच्या अध्यापकांपुरते राहू नये. मराठीचा कोशकार, मराठीचा वैयाकरण आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारा लेखक या तिघांनाही ते लागू पडते, आणि या तिघांनीही त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही.

२

परभाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आधी आली, हे स्वाभाविकच होते. जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह १९४२ मध्ये टोकिओत जो कोश सिद्ध केला, त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर त्याची वाक्यरचनाही सांगण्याचा प्रयत्न होता. पुढे १९५४ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत विशेषणांच्या रचनांनाही स्थान मिळाले. १९८५ मध्ये क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या बृहद्-व्याकरणाने विशेषणामागून येणाऱ्या अव्ययबंधाला विशेषणाचे 'पूरक' मानून त्याचा स्वतंत्र विचार केला. १९८६ मध्ये बेन्सन, बेन्सन आणि इल्सन यांचा शब्दयोजनेचा कोश आला. त्यात 'विशेषण आणि शब्दयोगी अव्यय' हा व्याकरणिक शब्दसाहचर्याचा एक वेगळा प्रकार म्हणून नोंदलेला आहे.

खरा पालट झाला तो पुराव्याच्या स्वरूपात. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मजकुरांतून प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे ५०० उतारे घेऊन दहा लक्ष शब्दांचा ब्राउन संग्रह तयार झाला, आणि त्याच धर्तीवर ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर-ऑस्लो-बर्गेन संग्रह झाला. या परंपरेतला एक संग्रह महाराष्ट्रात सिद्ध झाला, ही बाब मराठी अभ्यासकांच्या विस्मरणात जाऊ नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ मधील भारतीय इंग्रजी मजकुरांचा दहा लक्ष शब्दांचा संग्रह तयार करण्यात आला, आणि तो 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या कोबिल्ड प्रकल्पातून १९८७ मध्ये संपूर्णपणे अशा पुराव्यावर उभा असलेला कोश प्रसिद्ध झाला, आणि त्याच प्रकल्पाने १९९८ मध्ये नामांच्या व विशेषणांच्या रचनांचे स्वतंत्र पुस्तक दिले. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय संग्रहात दहा कोटी शब्द आहेत. वैयाकरणाच्या स्मरणातील चार वाक्यांऐवजी एका विशेषणाची शेकडो उदाहरणे एकाखाली एक लावून पाहणे या संग्रहांमुळे शक्य झाले.

३

अशी उदाहरणे एकत्र पाहिली की, यादीचे पहिले गृहीतक कोसळते. 'गुड' हे विशेषण घ्यावे. 'गुड अ‍ॅट मॅथ्स' म्हणजे गणितात हुशार. 'गुड फॉर हेल्थ' म्हणजे प्रकृतीला हितकर. 'गुड विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलांना हाताळण्याचे कसब असलेला. आणि 'गुड टू मी' म्हणजे माझ्याशी चांगुलपणाने वागलेला. येथे एका विशेषणाला चार अव्यये आहेत असे म्हणण्यापेक्षा चार अर्थांना चार रचना आहेत असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. अव्यय काढून घेतले तर कोणता 'गुड' अभिप्रेत आहे हे सांगता येत नाही.

'अँक्शस'चे उदाहरण याहून बोलके आहे. 'अँक्शस अबाउट द रिझल्ट' म्हणणारा निकालाच्या चिंतेत असतो. 'अँक्शस फॉर न्यूज' म्हणणारा बातमीसाठी आतुर असतो. 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे काळजीत पडलेला, तर 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे एखाद्या विषयाशी संबंध असलेला. 'टायर्ड फ्रॉम' मध्ये श्रमाचा थकवा आहे, 'टायर्ड ऑफ' मध्ये मनाचा वीट आहे. 'अफ्रेड ऑफ' मध्ये ज्याची भीती वाटते ते सांगितले जाते, 'अफ्रेड फॉर' मध्ये ज्याच्यासाठी जीव खालीवर होतो ते. 'फॅमिलिअर विथ' आणि 'फॅमिलिअर टू' यांत तर कर्त्याची आणि विषयाची जागाच बदलते: माणूस गावाशी परिचित असतो तेव्हा 'विथ', गाव माणसाला परिचित असते तेव्हा 'टू'.

'काइंड' या शब्दात हा भेद आणखी सूक्ष्म होतो. 'काइंड टू मी' मध्ये ज्याच्यावर माया केली तो येतो. 'काइंड ऑफ यू' मध्ये ज्याने ती केली तो. दुसऱ्या रचनेत वक्ता एखाद्या कृतीवरून त्या माणसाच्या स्वभावाविषयी अभिप्राय देतो. मराठीत तो 'आपण आलात हा आपला मोठेपणा' अशा सर्वस्वी वेगळ्या वाक्याने व्यक्त होतो. जो अनुवादक केवळ विशेषणाकडे पाहतो, तो येथे 'दयाळू' या प्रतिशब्दापाशीच अडकून पडतो.

दुसरे गृहीतकही या पुराव्यापुढे टिकत नाही. कौशल्याचा अर्थ असलेली विशेषणे 'अ‍ॅट' घेतात: 'गुड', 'ब्रिलियंट', 'स्किल्ड' आणि उलट अर्थाची 'बॅड', 'होपलेस' हीसुद्धा. भीतीची विशेषणे 'ऑफ' घेतात: 'अफ्रेड', 'स्केअर्ड', 'टेरिफाइड', 'वेअरी'. दुसऱ्याशी केलेल्या वर्तनाची विशेषणे 'टू' घेतात: 'काइंड', 'क्रूएल', 'रूड', 'पोलाइट'. कीर्ती-अपकीर्तीची 'फॉर' घेतात: 'फेमस', 'नोटोरिअस'. दूरत्वाची वा अभावाची 'फ्रॉम' घेतात: 'डिस्टिंक्ट', 'अ‍ॅब्सेंट', 'सेफ'. अपवाद आहेत, आणि तेही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. भरलेपण दाखवणारा 'फुल' 'ऑफ' घेतो, पण 'फिल्ड' मात्र 'विथ' घेतो. तरीही जेथे पूर्वी निव्वळ पाठांतर दिसत होते, तेथे अर्थांचे गट दिसतात. नवे विशेषण भाषेत आले की ते बहुधा आपल्या अर्थाच्या गटात जाऊन बसते, हे या संगतीचेच लक्षण होय.

याला जोडून आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विशेषणामागून आलेला प्रत्येक अव्ययबंध त्याचे पूरक नसतो. 'हॅपी विथ हिज जॉब' यात 'विथ'चा बंध विशेषणाचा अर्थ पुरा करतो. 'हॅपी इन लंडन' यात 'इन'चा बंध केवळ स्थळ सांगतो. काही विशेषणांना पूरक अनिवार्य असते. 'फॉन्ड' हे विशेषण आवडीच्या अर्थाने विधेय म्हणून 'ऑफ'शिवाय उभेच राहत नाही. उलट 'अफ्रेड' हे संभाषणात अनेकदा पूरकाशिवाय येते आणि तेव्हा भीतीचा मागमूसही नसतो, केवळ नकार सौम्य करण्याचा शिष्टाचार असतो. यादीत हे काहीच दिसत नाही.

४

वापराचा पुरावा शुद्धाशुद्धाच्या वादांवरही प्रकाश टाकतो. 'डिफरंट' या विशेषणावरून इंग्रजीत दीर्घकाळ वाद चालला आहे. 'फ्रॉम' हेच एक शुद्ध, असे अनेक शिक्षक सांगत आले. वस्तुतः 'फ्रॉम' सर्वत्र अधिक प्रचलित आहे, 'टू' ब्रिटिश इंग्रजीत, विशेषतः बोलण्यात आढळते, आणि 'दॅन' प्रामुख्याने अमेरिकन इंग्रजीत. 'दॅन' पुढे वाक्य आले असता अधिक सोयीचे पडते, कारण 'फ्रॉम' वापरल्यास मध्ये 'व्हॉट'सारखा एखादा शब्द घालावा लागतो. 'टू' निषिद्ध मानणे ही अंधश्रद्धा आहे, असा निर्वाळा फाउलर यांनी १९२६ मध्येच दिला होता, आणि फाउलर हे शैथिल्याचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात नाहीत.

'बोअर्ड'चे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. 'बोअर्ड विथ' आणि 'बोअर्ड बाय' ही रूढ रूपे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'बोअर्ड ऑफ' हे रूप पसरत गेले आणि जुन्या वळणाच्या लेखकांना ते आजही खटकते. त्यात निव्वळ बेफिकिरी पाहणे मात्र योग्य नव्हे. 'टायर्ड ऑफ', 'सिक ऑफ', 'वेअरी ऑफ' या वीट येण्याच्या गटाकडे अर्थसाम्याने 'बोअर्ड' ओढला गेला आहे. अर्थगट आणि अव्यय यांचे नाते बोलणाऱ्यांच्या मनात जिवंत असल्याखेरीज असा बदल घडला नसता.

५

मराठी भाषकाचे इंग्रजी येथे तपासून पाहण्यासारखे आहे. 'गुड इन मॅथ्स', 'अँग्री ऑन मी', 'मॅरीड विथ', 'सिमिलर विथ' या प्रयोगांना चुका म्हणून लाल खूण केली जाते. परंतु त्या चुका स्वैर नाहीत. मराठीत माणूस गणितात हुशार असतो, कोणावर तरी रागावलेला असतो, कोणाशी तरी विवाहबद्ध असतो आणि एक वस्तू दुसऱ्या वस्तूशी मिळतीजुळती असते. 'त', 'वर' आणि 'शी' हे मराठीतले घटकच येथे इंग्रजी वेष घेऊन आले आहेत. विद्यार्थ्याने नियम मोडलेला नाही. त्याने मराठीचा नियम पाळलेला आहे. अध्यापकाला हा नियम ठाऊक असता, तर चूक कोठे होईल हे तो आधीच सांगू शकला असता. तो त्याला ठाऊक नाही, याचे कारण मराठीच्या व्याकरणात तो एकत्र मांडलेला नाही.

रचनेच्या स्थानातही दोन भाषांत महत्त्वाचा फरक आहे. पूरकासह येणारे इंग्रजी विशेषण नामाच्या मागे जाते: 'अ मॅन फॉन्ड ऑफ म्यूझिक'. मराठीत सगळा पदबंध नामाच्या आधी येतो: 'संगीताची आवड असलेला माणूस'. कधी इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी आणि त्याचे पूरक नामाच्या नंतर अशी फाटाफूट होते: 'अ सिमिलर हाउस टू अवर्स'. येथे 'टू' हे 'हाउस'चे नसून 'सिमिलर'चे आहे हे ज्याला उमगते, तोच 'आमच्या घरासारखेच एक घर' असे सरळ मराठी लिहितो.

६

विशेषण, अर्थ आणि विभक्ती यांची सांगड घालणारी ही दृष्टी भारतीय व्याकरणाला अपरिचित नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात नेमके हेच केले आहे. 'साधु' आणि 'निपुण' या शब्दांच्या योगात आदराचा अर्थ असता सप्तमी येते, असे तो सांगतो. म्हणजे शब्दाबरोबर अर्थाची अटही घालतो. 'उत्सुक' शब्दाच्या योगात तृतीया आणि सप्तमी दोन्ही येतात, असे सांगून तो विकल्पाची नोंद करतो. सादृश्यवाचक शब्दांचा तो एक गटच करतो, त्यांना तृतीया विकल्पाने देतो आणि दोन शब्द त्यातून वगळतो. शब्द, अर्थ, गट, विकल्प आणि अपवाद अशी पाचही अंगे येथे आहेत. विसाव्या शतकात संगणकाच्या साहाय्याने इंग्रजीचे जे वर्णन झाले, त्याचीही अंगे हीच आहेत.

मराठीत मात्र ही परंपरा या दिशेने पुढे गेली नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त विभक्तींच्या अर्थांचा विस्तृत ऊहापोह आहे. पण त्याची मांडणी विभक्तीकडून अर्थाकडे जाते. विशेषणाकडून निघालेल्या जिज्ञासूला आपले उत्तर एका ठिकाणी मिळत नाही. संस्कृतातून आलेल्या विशेषणांनी आपली विभक्ती बरोबर आणली असे मानूनही चालत नाही. 'निपुण'ने मराठीत सप्तमी राखली: 'युद्धकलेत निपुण'. 'उत्सुक'ने मात्र ती टाकली. मराठी माणूस भेटीसाठी, भेटीविषयी किंवा भेटण्यास उत्सुक असतो.

मराठी विशेषणांचेही अर्थगट आहेत. प्रावीण्याच्या गटात 'निपुण', 'पारंगत', 'तरबेज', 'हुशार' आणि थेट 'कच्चा' हा बोलीतला शब्दही 'त' घेतो. प्रसन्नतेच्या आणि रोषाच्या गटात 'खूश', 'नाराज', 'रुष्ट', 'फिदा' हे 'वर' घेतात. जुळणीच्या गटात 'सुसंगत', 'एकनिष्ठ', 'परिचित' हे 'शी' घेतात. हिताहिताच्या गटात 'पोषक', 'अनुकूल', 'घातक' हे 'ला' वा 'स' घेतात. अभावाच्या गटात 'वंचित', 'अलिप्त' हे 'पासून' घेतात. 'वेगळा' या शब्दात तर इंग्रजी 'डिफरंट'हून अधिक नेमका भेद आहे: 'इतरांपेक्षा वेगळा' म्हणजे भिन्न प्रकारचा, 'इतरांपासून वेगळा' म्हणजे विलग झालेला. इतकी सुव्यवस्थित सामग्री असूनही ती वर्णनाविना पडून राहावी, ही खेदाची बाब आहे.

७

या उणिवेची किंमत काय, हे 'जबाबदार' या एका शब्दावरून कळते. इंग्रजीत 'रिस्पॉन्सिबल टू' म्हणजे ज्याच्यापुढे उत्तर द्यायचे तो, आणि 'रिस्पॉन्सिबल फॉर' म्हणजे ज्या गोष्टीबद्दल उत्तर द्यायचे ती. मराठीत 'मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते' आणि 'अपघाताला चालक जबाबदार आहे' या दोन्ही वाक्यांत 'ला'च आहे. पहिले वाक्य राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदातील तत्त्व सांगते, दुसरे दोषारोप करते. एरवी संदर्भाने घोटाळा टळतो. परंतु अधिकारी वरिष्ठांना जबाबदार आहे की वरिष्ठांच्या चुकीला जबाबदार आहे, असा प्रश्न कायद्याच्या वा प्रशासनाच्या मजकुरात उभा राहतो, तेव्हा अनुवादकाला आधार हवा असतो. नित्य वापरातला इंग्रजी-मराठी कोश त्याला 'जबाबदार', 'उत्तरदायी' असे प्रतिशब्द देतो. कोणता शब्द कोणत्या अर्थी कोणता प्रत्यय घेतो, हे तो बहुधा सांगत नाही.

अलीकडे 'अपघातासाठी जबाबदार' हा प्रयोग वृत्तपत्रांतून आणि भाषणांतून सर्रास आढळतो, तसेच 'संत्र्यांसाठी प्रसिद्ध'ही. भाषाशुद्धीचे आग्रही त्यात इंग्रजी 'फॉर'ची छाया पाहतात, आणि त्यांचा संशय निराधार नाही. 'साठी' हे मुळात हेतू दाखवते. गाव प्रसिद्ध होते ते संत्र्यांच्या हेतूने नव्हे, संत्र्यांमुळे. म्हणून 'संत्र्यांबद्दल प्रसिद्ध' हे अधिक सरळ. पण 'जबाबदार'च्या बाबतीत 'साठी' एक काम करते, हेही मान्य करावे लागते: ते 'ला'मधील दोन अर्थ वेगळे करते. मात्र 'लोकसभेसाठी जबाबदार' असे कोणी लिहिले तर तो भेद पुन्हा पुसला जातो आणि अर्थही उलटतो. एक प्रयोग त्याज्य, दुसरा उपयुक्त, तिसरा घातक, असा विवेक शब्दागणिक आणि अर्थागणिक करावा लागतो. 'साठी' सरसकट इंग्रजाळलेले म्हणून फेटाळणे किंवा रूढ झाले म्हणून सरसकट स्वीकारणे, या दोन्ही भूमिका हा विवेक टाळतात.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. उदाहरणे मोजत बसल्याने बहुसंख्यांची चूक हाच नियम ठरेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप मोजणी आणि निर्णय यांची गल्लत करतो. कोणता प्रयोग, कोणत्या अर्थी, कोणत्या प्रकारच्या लेखनात आणि केव्हापासून आढळतो, एवढेच मोजणी सांगते. निर्णय अभ्यासकालाच करायचा असतो. फक्त तो पुरावा समोर ठेवून करायचा असतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात जुन्या ग्रंथांतील अवतरणे देऊन शब्दार्थाला पुराव्याची बैठक दिली. तीच शिस्त शब्दाच्या रचनेलाही लावायची आहे.

त्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. मराठीतील नित्य वापराची चारपाचशे विशेषणे निवडून, जुन्या-नव्या ललित, वैचारिक, वृत्तपत्रीय आणि प्रशासकीय गद्यातून त्यांची उदाहरणे गोळा करणे, प्रत्येक अर्थाखाली येणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नोंदणे आणि त्यांचे गट पाडणे, हे मराठी व इंग्रजी विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे. आज मराठी मजकूर संगणकावर मुबलक उपलब्ध आहे. दहा लक्ष शब्दांचा इंग्रजी संग्रह कोल्हापुरात उभा राहिला तेव्हा ही सोय नव्हती. ज्या भूमीत भारतीय इंग्रजीचा वापर इतक्या काटेकोरपणे मोजला गेला, तेथे मराठीच्या 'जबाबदार'ला कोणता प्रत्यय लागतो हे सांगणारा कोश अनुवादकाच्या हाती नसावा, ही विसंगती दूर करण्याचे उत्तरदायित्व विद्यापीठीय विभागांवरच येते.